आधी माझं, मग गावाचं

फाल्गुन वद्य तृतीया, संध्याकाळ

पालखी आमच्या अंगणातून पुढे गेली. गुलाल अजून पायरीवर आहे आणि डोक्यात तो ढोल.

लहानपणापासून माझ्या श्वासनळीत चामखिळीसारख्या गाठी येतात. मुंबईला जाऊन काढायच्या, की पुन्हा उगवतात. दुर्मीळ आजार म्हणे. त्यामुळे आवाज असा नाहीच, नुसता वारा. शाळेत माझ्या वर्गातला सदा मला ‘पंप’ म्हणायचा.

शिमग्याला पालखी दारी आली की आबा, माझे आजोबा, देवाला गाऱ्हाणं घालायचे. प्रत्येक मागण्याला सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणणार, त्याआधी आबा हात वर करून ढोल थांबवायचे. आधी माझं ‘व्हय महाराजा’, मग गावाचं. मी लाजायचो. “आबा, कोणाला ऐकू जातंय?”

“ज्याला जायला हवं त्याला जातंय. तू बोल.”

सोमवारी पुन्हा ऑपरेशन. या वेळी उरलासुरला आवाजही जाईल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. आज चुलतभावाने गाऱ्हाणं घातलं, “ह्येचा गळा मोकळा कर रं महाराजा!” आबा तर आता नाहीत. हात कोण वर करणार? माझा आवाज ढोलात बुडणारच, म्हणून मी ओठ मिटूनच घेतले.

आणि ढोल थांबला. तो सदाच्याच गळ्यात होता. काठी हवेत धरून म्हणाला, “काय रं पंपा, बोल की! देव खोळंबलाय.”

अख्खं अंगण माझ्याकडे वळलं. मग मी म्हणालो, “व्हय महाराजा.”

सोमवारनंतर आवाज निघेल, न निघेल. आज आधी माझं झालं, मग गावाचं.