पाणी उतरलं की रोहित येतात

१४ जानेवारी, डाळज
संक्रांत. धरण तुडुंब, पाणी अजून आमच्या बांधाला लागून. गाव खूश, उसाची चिंता मिटली. मला मात्र घोर. पाणी मागं सरून चिखल उघडा पडल्याशिवाय रोहित पक्षी, ते गुलाबी फ्लेमिंगो, उतरत नाहीत. आणि आमच्या हिचा डावा डोळा तर शुगरनं गेलाच. उजव्याचं कोण नक्की सांगत नाही.
जावयाचा जुना कॅमेरा हिनं गळ्यात अडकवला तेव्हा गाव हसलं होतं. आता शेकाट्या, चित्रबलाक, चक्रवाक, सगळ्यांचे फोटो आहेत. उडत्या रोहितांचा तेवढा नाही. गेल्या साली ते आले तेव्हा ही दवाखान्यात.

२२ जानेवारी
बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात. डोळ्यात आत रक्त उतरलंय म्हणाले. इंजेक्शनं देऊ, पण खात्री नाही. कागदावरचं इंग्रजी मला कळलं नाही, विचारायची लाज वाटली. हिनं विचारलं, "मार्चपातूर ऱ्हाईल का नजर?" डॉक्टर म्हणाले, मार्चमध्ये घरात लग्न आहे का. ही म्हणाली, "पावणं यायचेत."
एसटीनं परत. मी उगाच सारखा खिशातला कागद चाचपत होतो.

६ फेब्रुवारी
सकाळी पाण्यावर. नदीसुरय टिपायला हिनं कॅमेरा उचलला. पक्षी कधीच निघून गेला, तरी ही तिकडंच रोखून उभी. मग तीच म्हणाली, "गेला व्हय?"

१९ फेब्रुवारी
पाणी सरलं. मोटरीनं हवा ओढली, पाइपचं तोंड उघडं पडलं. बापू, आमचा थोरला, सकाळपासून वैतागलेला. मोटर पुढं न्यायची म्हणजे केबल वाढवा, माणसं लावा. मला आतून बरं वाटलं. घरचा ऊस तहानलेला आणि मला बरं वाटतंय, हे सांगायचं कुणाला?
शेजारचे नामदेवराव म्हणाले, "तात्या, पाणी चाललंय आन् तुमी हसताय?"
दाढ दुखतीय म्हणून सांगितलं. "मग मोटर रोज सरकवा, दाढ बरी हुईल," म्हणाले. त्यांना वास लागला असेल का?

५ मार्च
चिखल बराच उघडा. शेकाट्या पसरल्यात. रोहित नाहीत.
ताटात भाजी कुठली ते ही वास घेऊन ओळखते. मला कळू नये म्हणून आधी घास मोडते. झोप लागत नाही.

११ मार्च
आले. बापू पहाटे मोटर चालू करायला गेला, त्यानं पाहिले. पलीकडच्या कडेला. आणि आजच इंजेक्शनची तारीख.
ही कॅमेरा घेऊन दारात उभी. "आदी पाण्यावर जाऊ. सुई उद्या बी देत्याल."
मला धीर होईना. तारीख चुकली आणि डोळा गेला तर? हाताला धरून एसटीत बसवलं. भिगवण मागं पडेपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली होती. संध्याकाळी पट्टी बांधून परत.

१२ मार्च
मोटर सरकवायला बापूनं ट्रॅक्टर चिखलात घातला. आवाजानं सगळे रोहित उठले आणि धरणाच्या भिंतीच्या अंगाला गेले. बापूला काय बोलणार, उसाला पाणी लागतंच.
हिनं खाटेवरून विचारलं, "उडाले तवा कसं दिसलं?"
म्हणालो, मी मान खाली घातली होती. खरंच घातली होती.

१५ मार्च
दवाखाना. डॉक्टरांनी बोटं दाखवली. आधी बरोबर सांगितली, मग चुकली. थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले. किती ते विचारायचं राहिलं. बाहेर आल्यावर हिला म्हणालो, त्या दिवशी पाण्यावर न्यायला हवं होतं. "तुमी तरी काय करनार," एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर…

२३ मार्च
काठावर बसून लिहितोय. ऊन कोवळं आहे. रोहित परत आलेत. अगदी समोर, चिखलात माना घालून. पुष्कळ आहेत. बापूला सांगून ठेवलंय, दुपारपर्यंत इकडं ट्रॅक्टर नको.
ही शेजारी बसलीय. कॅमेरा मांडीवर, तोंड त्यांच्याकडंच. मघाशी पदरानं डोळा पुसून पुन्हा बघत राहिली. ते आज आवाजही करत नाहीत.
ते समोर आलेत हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. तिनंच आधी "दिसले" म्हणावं म्हणून थांबलोय.