तुम्ही पाहून आलेलं ऑफिस

प्रिय बाबा,

आज नव्या नोकरीला होकार कळवला. आईने देवापुढे साखर ठेवली. तरी कोणाला तरी सांगायचं राहिलंय असं वाटत होतं, म्हणून लिहायला बसले. मागची नोकरी मी तुमचं न ऐकता धरली होती. ती चूक तुमच्यापाशी कधी कबूल केलीच नाही.

विजय नगरच्या त्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायला मला घेतलं, तेव्हा मी हवेत होते. चकचकीत काचा, गारेगार एसी! आणि तुम्ही काय केलंत? मुलीसाठी स्थळ पाहायला जावं तसे दोन संध्याकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलात. ऑफिस सुटताना माणसं कशी बाहेर पडतात ते बघायला. जन्म फॅक्टरीत गेलेला, गेटवरून माणसं ओळखायची तुमची जुनी खोड.

"वैशू, कोणी कोणाशी बोलूनच नाही राहिलं तिथं," तुम्ही म्हणालात. "सगळे मान खाली घालून निघतात. तू काहून घाई करते?"

"बाबा, तिथे लोक काम करतात. तुमच्या फॅक्टरीसारख्या गप्पा नाही हाणत."

तुम्ही पोळीचा पुढचा घास मोडलात. का हो ऐकून घेतलंत? पाठीत एक धपाटा घालायचा होता.

पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. सरांना विचारल्याशिवाय तिथे कोणी जागचं हलत नसे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं घर कुठे, हेही कोणाला ठाऊक नसे. मी घरी मात्र "मस्त चाललंय" म्हणत राहिले. तुमचं बरोबर होतं, एवढं म्हणायला जीभ रेटली नाही.

मग तो दिवस. दुपारी बाराला आईचा फोन आला, "बाबांना दवाखान्यात आणलंय, तू ये." सर मीटिंगमध्ये होते. मी त्यांच्या दाराबाहेर तीन तास उभी राहिले, बाबा. दार ढकलायची हिंमत झाली नाही आणि न सांगता निघायचीही नाही. पोचले तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली होती. दवाखाना दहा मिनिटांवर होता. ऑफिसला कितीही बोल लावला तरी पाय माझेच होते ना? माफी मागायचीही लाज वाटते.

ती नोकरी सोडली. यंदा दमोह नाक्याजवळच्या एका लहान ऑफिसात जागा निघाली, तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी मीही समोर जाऊन उभी राहिले. भर दुपारी एक मुलगी स्कूटी काढत होती. गेटवरचे भैया तिला म्हणाले, "दीदी, बच्चे का बुखार उतरा?" चौकीदाराला तिच्या लेकराचा ताप ठाऊक होता. मला रस्त्यातच रडू आलं.

मुलाखत संपताना मॅडम म्हणाल्या, "आपको कुछ पूछना है?"

"घर में कोई बीमार हो जाए तो यहाँ क्या करते हैं?"

त्या जरा गोंधळल्या. "निकल जाते हैं. फ़ोन बाद में कर देते हैं."

इतकं साधं असतं हे?

एसी नाही तिथे, कूलर आहे, तोही खडखडतो. पण पुढच्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि रुजू व्हायच्या आधीच मी त्याची रजा मागून घेतली. वचन देते, बाबा. आईच्या डोळ्यावरची पट्टी काढतील तेव्हा तिला सगळ्यात आधी मी दिसेन.

तुमची,
वैशू