बिल्लेवाल्यांना बंदी

दि. ६ ऑक्टोबर २०२५, आश्विन पौर्णिमा

कांताबाईस,

श्रीहरीचा जयभीम. इकडे सारे सुखात आहेत. तुझ्या बांधीतलं धान लोंबीवर आलं असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे ते कळव.

आज विहारात वर्षावासाचा समारोप झाला. धम्मदीपने दोन वाट्या खीर खाल्ली. पोरगा चांगला भरला आहे. पाहशील तर म्हणशील, हा माझाच का?

मे महिन्यात त्याला टायफाइड झाला, असं मी फोनवर सांगितलं होतं. त्याबद्दल थोडं लिहायचं आहे. फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून कागद घेतला.

लढाईचे ते दिवस आठवतात ना? इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या आणि आमच्या देशी दारूच्या दुकानावर सरकारी आदेश चिकटला. दुकान फक्त चार ते सात. कारखान्याचा बिल्ला असलेल्याला दारू नाही. एकाने दुसऱ्याला पाजायचीही नाही. लक्ष ठेवायला अजय नावाचा होमगार्ड स्टुलावर बसवला.

"लढाई तिकडं सीमेवर, अन् घसा आमचा कोरडा!" आमचं जुनं गिऱ्हाईक वारलू रोज ओरडायचा. "पावन्याले पाजायची नाई, मंग का सरबत देऊ?"

"दे ना भाऊ. तुही बायको तरी खूश होईन," अजय म्हणायचा.

मला मात्र त्या दिवसांत बरं वाटत होतं. विहारात दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील घेताना माझा आवाज खाली जातो, हे शेजारी बसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आता काही जणांना तरी 'नाही' म्हणायची मुभा सरकारनेच दिली होती.

तू तिकडे बाया जमवून दारूच्या भट्ट्या फोडल्यास. मी चार वर्षांपूर्वी या काउंटरवर उभा राहिलो आणि तू माझ्या घरी येणं बंद केलंस. तुझं चुकलं नाही. पण तू येत नव्हतीस, म्हणूनच एक गोष्ट तुझ्यापासून लपून राहिली.

बाई, धम्मदीप प्यायचा. कारखान्यात लागल्यापासून, तीन वर्षं. आणि त्याला दारू मीच द्यायचो. मागच्या दाराने, रोज एक पव्वा. बाहेर कुठेतरी भेसळीची पिण्यापेक्षा मामाच्या नजरेसमोर पिईल, असं मी मनाला समजावलं होतं. एकाचे दोन कधी झाले ते मला कळलं नाही. किंवा कळलं आणि मी तिकडे पाहिलं नाही.

आदेश आल्यावर अजयने मागच्या दाराला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी धम्मदीप दुकान उघडायच्या आधीच आला. अजय चहाला गेला होता.

"मामा, एकच दे. हात थांबले का ड्युटीवर जातो."

"आदेश हाय बाबू."

"मले काऊन आदेश सांगून राह्यला? इतके दिवस कोन देत होता?"

मी बाटली हातात घेतली. खोटं कशाला बोलू, घेतलीच. मला बिल्ला दिसू नये म्हणून तो छातीवरचा बिल्ला काढायला लागला, पण त्याच्या बोटांना पिन काही निघेना. शर्ट ओढून फाटला, तरी निघेना. हेच हात तासाभरात आत बारूद भरणार होते. मी बाटली फळीवर ठेवली.

त्याला गाडीवर बसवून कारखान्याच्या फाटकावर नेलं आणि चारचौघांत मुकादमाला म्हटलं, "याची दारू सुटली, हात थरथरून राह्यले. याले आत घेऊ नका."

धम्मदीपने माझ्याकडे पाहिलं नाही. दवाखान्यात दोन दिवस तो बरळत होता, तुझी वहिनी रुखमा उशाशी बसून होती. बुद्धपौर्णिमेला शुद्धीवर आला आणि पहिलं बोलला, "मायले सांगू नको." म्हणून तुझ्यासाठी टायफाइड झाला.

आता पाच महिने होतील, त्याने थेंबही घेतलेला नाही. बारूद भरण्यावरून त्याला काढलं, पण पेट्या रचायच्या कामावर ठेवलं आहे. सकाळी माझ्याआधी उठतो. घरात त्याचं हसू ऐकू येतं. रुखमा म्हणते, इतकं सुख या घराने कधी पाहिलं नव्हतं.

दुकान सोडलं असं लिहायला आवडलं असतं. पण अजून तिथेच आहे. आदेश कधीच उठला, तरी ड्युटीवर जाणाऱ्या बिल्लेवाल्याला मी देत नाही. मालक वैतागतात, "श्रीहरी, लढाई संपली ना बे?" मी हो म्हणतो आणि देत नाही. किती दिवस चालवून घेतील कोण जाणे.

हे पत्र धम्मदीपने वाचलं आहे. स्वतः सांगतो म्हणून तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा बसस्टँडवरून परत आला. येत्या रविवारी कुरखेड्याच्या गाडीने नक्की येतो आहे. दारातच काही विचारू नकोस. आधी त्याला जेवू घाल, जवळ घे. माझं काय करायचं ते मग सावकाश ठरव.

अजून मानत असशील तर,
तुझा भाऊ
श्रीहरी