गायीसोबत गेलेलं दावं

रविवार, दिवेलागण

विजूनं दावं का दिलं, तेच समजत नाही. गाय विकली की आपण आपलं दावं सोडून घरी आणतो, घेणारा स्वतःचं लावतो. बापजाद्यांपासून असंच आहे. मग आज चांदूर बाजारात त्याला झालं काय?

जंगलातली चराई बंद झाली तशी आम्हा दोघांची गुरं विकत विकत संपली. त्याची कपिली तेवढी राहिली होती. ती घेतली सुमनच्या नवऱ्यानं. आम्ही त्याला सुमनच्या लग्नात पाहिलेलं, तो आम्हाला ओळखत नाही. सुमन मध्यप्रदेशातली. आम्ही गुरं घेऊन तिकडे जायचो, तेव्हा विजूचं तिच्यावर मन बसलं. तिच्या बापानं गुराख्याला पोरगी दिली नाही. कपिलीचं दावं तिनंच तेव्हा विजूला वळून दिलेलं, अंबाडीचं, मधे लाल चिंधी.

मी दावं सोडायला गेलो, तर विजूनं हात धरला.

"राहू दे."

"काहून? रिवाज इसरला का?"

"गायीले सवय हाय त्याची."

येताना मी भडकलोच. "सुमननं ते पाह्यलं तं काय होईन, इचार केला का?"

"मले नाई मालूम, गड्या."

आत्ता गायीची गाडी सुमनच्या घरी पोचली असेल. अंधारात गाय बांधताना ती लाल चिंधी सुमनच्या हाताला लागेल. विजू यातून सुटला, की तिलाही अडकवून आला? राग कोणावर काढू?

आताच डोकावून आलो. तो रिकाम्या खुंट्यापाशी बसलाय, हातात कडब्याची पेंढी घेऊन.