ओठ हलवायचे पैसे

बाबा, मागच्या रविवारी उमरेडच्या कार्यक्रमात मी गायले नाही, नुसते ओठ हलवले. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तुमच्या रागाची भीती आता उरली नसेल असं वाटलं होतं. पण हे पहिलं वाक्य लिहायलाच मला दोन दिवस लागले.

मी सतरा वर्षांची असताना शेजारच्या लग्नात पेटी वाजवून आले होते, तो दिवस आठवतो. सगळ्यांनी कौतुक केलं म्हणून मी हवेत होते. तुम्ही गिरणीतून येता, मोरीवर हात धुता, आई पोळ्या लाटते आहे. "किती देल्ले?" तुम्ही विचारता. मी म्हणते, घरचंच लग्न होतं, पैसे कशाचे घ्यायचे? तुम्ही ताटावर बसत नाही. "फुकट काहून वाजवलं वं? तुले बापाच्या घरी जेवाले भेटते. उद्या ढोलकीवाला पैसे मांगन, तं लोक म्हणतील, ते पोरगी तं फुकट वाजवते. त्याच्या पोटावर पाय देल्ला तू." आईनं मला बाजूला ओढलं. मी त्या रात्री जेवले नाही, आणि तुम्हीही नाही. तुमच्या भीमगीतांच्या पार्टीत पाकीट आलं की पहिला वाटा ढोलकीकाकांना का जायचा, ते मला तेव्हा कळलं.

तेच काका गेली वीस वर्षं माझ्याबरोबर वाजवतात. तीन वर्षांपूर्वी एका स्टुडिओवाल्यानं आम्हाला बोलावलं. म्हणाला, रेकॉर्डिंग फुकट करून देतो, तुमचं गाणं जगभर जाईल. तुम्ही बांधलेलं ते जयंतीचं गाणं आम्ही गायलो. काकांनी तर जीव ओतला. निघताना मी एका कागदावर सही केली, वाचली नाही. गाणं खरंच सगळीकडे गेलं. मिरवणुकीत डीजेवर वाजतं, रिक्षात वाजतं, महाल बाजारात बांगड्या घ्यायला गेले तर दुकानदाराच्या मोबाइलवर तेच. पैशाचं विचारायला स्टुडिओत गेले, तर तो स्टुडिओवाला पोरगा हसून म्हणाला, "मावशी, तुमचं नाव तं झालं ना!" त्या कागदावरची माझी सही त्यानं दाखवली. मी परत आले.

आणि त्यानंतर कार्यक्रमच कमी झाले, बाबा. गाणं खिशात असताना चार माणसांची पार्टी कोण बोलावणार? दिवाळीपासून कार्यक्रमाची एक सुपारी नव्हती. घरमालकाचे दोन निरोप येऊन गेले होते. तेव्हा उमरेडहून फोन आला. "ताई, तुम्ही एकट्याच या. ट्रॅक हाय आमच्यापाशी. लोकायले मोबाइलमधल्यासारखंच पाहिजे. तुम्ही फक्त पेटीवर बसा." मी म्हटलं, ढोलकी? तो म्हणाला, "ढोलकी हाय ना त्याच्यात."

मी एसटीनं एकटी गेले. पेटीचा भाता न हलवता पट्ट्यांवर बोटं फिरवली, आणि माझाच तीन वर्षांपूर्वीचा आवाज माझ्या डोक्यावरून लोकांकडे गेला. दुसऱ्या कडव्याआधी काका जो तुकडा वाजवतात, तो आला. सवयीनं मी डावीकडे पाहिलं. तिथे स्पीकर होता. लोक टाळ्या वाजवत होते, एका बाईनं येऊन माझे पाय धरले. मला वाटलं, तिच्या कानात ओरडून सांगावं, बाई, इथे कुणीच गात नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट घेऊन काकांकडे गेले. ते ओट्यावर बसून ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते, कोणत्या कार्यक्रमासाठी ते मला माहीत नाही. त्यांना आधीच कळलं होतं. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. मी निम्मे पैसे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. "मी वाजवलंच नाही बाई. मंग पैसे कशाचे?"

"काका, वाजत तर तुमचीच होती."

"हो ना," ते म्हणाले. "आइकलं म्या. मस्त वाजून राहिली होती." मग ते खाली बघून परत दोऱ्या आवळू लागले. काकूंनी चहा केला. तो आम्ही तिघांनी प्यायला. उठताना मी ओट्यावर ठेवलेले पैसे काकूंनी माझ्या पिशवीत टाकले, ते मला घरी आल्यावर दिसले. त्यातूनच भाडं दिलं.

काल रामटेकहून फोन आला, तसाच. मी हो म्हटलं. काकांना सांगितलेलं नाही, आणि हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट राहिली. वर्षभर रियाज नाही, बाबा, वरचा सूर आता मला लागत नाही. उमरेडला तो सूर जवळ आला तेव्हा आता फसणार म्हणून मी डोळे मिटले, आणि मग तो स्पीकरमधून आपोआप, अगदी स्वच्छ लागला. मला रडू यायला हवं होतं. मला हायसं वाटलं.