लॉस्टची ओळ

खालापूर,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय तल्हा,

अस्सलामु अलैकुम. रमजान मुबारक. तिकडे बंगलोरला तू खुशाल असशील, रोजे नीट चालले असतील. इथे आम्ही सगळे बरे आहोत.

पाकीट बघून हसला असशील. पण मोबाइलवर लिहिलं असतं तर तू पहिल्या दोन ओळी वाचून अंगठ्याचं चित्र पाठवलं असतंस आणि मीटिंगला पळाला असतास. कागदावर ती सोय नाही. शेवटपर्यंत वाच, एवढंच म्हणणं आहे.

अम्मी रमजानपुरती कर्जतहून आमच्याकडे आलीय. गुडघा दुखतो, पण ऐकते कुठे? सकाळपासून स्वयंपाकघरात. माझ्या हातची भजी तिला कधीच आवडली नाहीत, आता ती रोज इफ्तारला सगळ्यांसमोर तसं सांगते. आमच्या अनमने यंदा पहिला रोजा धरला. दुपारी फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली, मी विचारलं काय गं, तर म्हणे थंड हवा घेतेय. अम्मी हसून हसून बेजार. "तल्हा पन असाच करायचा, आनि वर पानी पिऊन तोंड पुसायचा," म्हणाली.

तुझे दुल्हाभाई बरे आहेत. नाक्यावर कमालचाचांच्या दुकानात बसतात. पाइप, नळ, रंगाचे डबे. गिऱ्हाइकं म्हणतात, माणूस फार गोड आहे. गोड झालाय खरा. पूर्वी नव्हता. लग्न झाल्यापासून आमची सगळी भांडणं कोडवरून व्हायची, तुला माहीत आहे, तूच मध्ये पडायचास. अरबाज म्हणायचा माझं बरोबर, मी म्हणायचे माझं, आणि जेवण गार व्हायचं. आता मी काही विचारलं तर म्हणतो, "तुला जास्त कळतं." लॅपटॉप अनमला कार्टून बघायला देऊन टाकलाय. परवा अनम शाळेचा प्रोजेक्ट घेऊन त्याच्याकडे गेली, मांजराला स्क्रीनवर चालवायचं होतं. पोराटोरांचं काम. हा म्हणाला, "मम्मीला विचार, मला नाय जमत." मी भाकऱ्या थापत होते. हात तसाच परातीत राहिला.

असो. तुझा मेसेज मिळाला. उत्तराला उशीर झाला.

आधी अम्मीचं सांगते. तिने विचारलं, "काय गं, येवढं काय केलंस म्हनून तुला बंगलोरला भाषनाला बोलावतात?" आता हिला प्रोफायलर काय सांगू? म्हटलं, अम्मी, मोठ्या कॉम्प्युटरला एक डोकं नसतं, शंभराच्या वर असतात. काम कुठे रखडतंय ते शोधायचं, तर प्रत्येक डोक्याला सारखं विचारत राहायचं, आत्ता काय करतोस? उत्तर त्याच्यासमोरच्या भांड्यात पडतं. आणि एकच नोकर सगळ्या भांड्यांपाशी फिरून ती रिकामी करतो. डोकी चार होती तोवर त्याला जमलं. आता तो फेरी मारून येईपर्यंत भांडी भरून वाहतात. वाहून गेलं ते गेलं.

अम्मी म्हणाली, "म्हंजे दहिवलीच्या घरात गळायचं तसं."

तसंच, तल्हा. तुला आठवतं का? कौलं गळायची, आपण टोप आणि तांबे लावायचो आणि पळतपळत मोरीत ओतून यायचो. पलंगाजवळ सगळ्यात जास्त गळायचं, आणि तिथलाच टोप कायम भरून सांडलेला. टोपात राहिलेलं पाणी बघून कुणी हिशेब केला असता तर त्याला वाटलं असतं, सगळीकडे सारखंच गळतंय. बफर म्हणजे तोच टोप. हे मला तूच शिकवलंस, ऑफिसात, माझ्या पहिल्या महिन्यात. चित्राच्या वर लॉस्टची ओळ असते, किती सॅम्पल, म्हणजे उत्तरं, हरवली ते सांगणारी, ती आधी बघायची आणि मग खालचं चित्र, असं म्हणाला होतास. मी वहीत नाही, डोक्यात लिहून ठेवलं.

माझ्या टूलमध्ये फार मोठं काही नाही. एका नोकराऐवजी कोअरच्या, म्हणजे अम्मीला सांगितलेल्या डोक्यांच्या, प्रत्येक गटाला स्वतःचा नोकर दिला, त्याच गटाजवळ बसणारा. प्रत्येकाची फाइल वेगळी, म्हणजे दारात रांग नको. तीच तीच लांबलचक माहिती पुन्हा पुन्हा न लिहिता एकदाच लिहायची आणि नंतर फक्त खूण टाकायची. जे कोअर जास्त बडबडतात त्यांचे टोप मोठे. आणि लॉस्टची ओळ चित्राच्या आतच, लाल, मधोमध. कुणी कडा कापल्या तरी ती जायची नाही. आता जवळजवळ काहीच हरवत नाही.

पण टूल चालतं की नाही ते बघायला एखादा जुना, जड प्रोग्राम लागतो ना? मी नकाशांचा घेतला. आपला, ऑफिसात तिघांनी मिळून केलेला. हाताशी होता म्हणून घेतला, शपथेवर सांगते, दुसरं काही मनात नव्हतं. तेच मशीन, तोच डेटा.

चित्रच बदललं, तल्हा.

तू केलेल्या जुन्या रिपोर्टात अरबाजचा भाग, फाइल वाचणारा, निम्मं चित्र अडवून बसला होता. नव्यात तो बारीक पट्टी आहे. शोधावी लागते. आणि बाकी सगळीकडे काम वाटणारा भाग. तुझा. एक रांग, एक कुलूप, आणि शंभरावर कोअर त्या एका कुलपाशी ताटकळलेले. ते सगळे एकाच वेळी तिथे ओरडत होते, म्हणून त्यांचेच टोप भरले आणि त्यांचीच सॅम्पल वाहून गेली. अरबाजचा भाग बिचारा एका कोअरवर शांतपणे चालायचा. त्याचं एक सॅम्पल हरवलं नाही. म्हणून तो सगळ्यांना दिसला आणि तू दिसला नाहीस.

आणि त्या चित्रावर त्याची नोकरी गेली.

मी किती दिवस तुझी वकिली केली सांगू? स्वतःशीच. म्हटलं, तल्हाला काय ठाऊक असणार. घाईत रिपोर्ट केला असेल. त्या चित्राची वरची कड कापलेली होती, लॉस्टची ओळ असते बरोबर तीच. त्यालाही मी कारण शोधलं. म्हटलं, आपल्या घरचीच सवय ही, पाहुण्यासमोर घरातलं उणं काढायचं नाही. अम्मी नाही का फुटके कप मागे लपवायची? क्लायंट म्हणजे पाहुणाच, त्याला कशाला घाबरवा, म्हणून कापली असेल. चूक झाली, पण आपल्यासारख्यांकडून व्हायचीच अशी चूक. वाईट मनाने नाही केली. तुला फोन करून सांगणार होते, हे बघ काय निघालं, चल दोघं मिळून अरबाजला सांगू. फोन हातात घेतला, तेवढ्यात तुझाच मेसेज.

"आपा, डेमोला तो जुना नकाशांचा रन नको घेऊस. त्यात लॉस खूप होता, उगाच प्रश्न निघतील."

मी तो रन घेतलाय हे तुला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी तर टूल झालं एवढंच कळवलं होतं. आणि लॉस खूप होता, हे तुला माहीत आहे. आजचं नाही, तेव्हापासूनचं. कापण्याआधी वाचलीस ना ती ओळ? वाचलीसच. बघितल्याशिवाय तू खाली जात नाहीस.

त्या मीटिंगला मी होते. तू त्याच्या शेजारी बसला होतास, त्याच्या खांद्यावर हात टाकून. "दुल्हाभाईंनी मेहनत खूप घेतली," म्हणालास, आणि पडद्यावर चित्र लावलंस. मग आठवड्याने मिठाई घेऊन खालापूरला आलास. "मी खूप झगडलो, पण वरच्यांनी ऐकलं नाही." अरबाज अजून ते सगळ्यांना सांगतो. माझा मेव्हणा माझ्यासाठी साहेबाशी भांडला, म्हणतो. कमालचाचांनाही सांगून झालंय. आणि मी तिथे उभी राहून चहा गाळते. तल्ह्या, लाज कशी नाही वाटली रे तुला? ती मिठाई त्याने दारोदार वाटली!

आता काय केलंय ते ऐक. नवा रन ऑफिसात वर, श्रद्धा मॅडमना पाठवला, जुन्याच्या शेजारी ठेवून. बंगलोरला भाषणात तोच दाखवणार, दुसरा कुठलाही नाही. तुझं नाव मी कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही, कोड कुणाचा ते त्यांना बघता येतं. तुझ्याकडे विचारणा होईल. काय सांगायचं ते तू बघ. मेसेज मात्र मी कुणाला दाखवलेला नाही.

काल दुपारी जोहरच्या नमाजनंतर लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. कमालचाचा मशिदीतून अजून आले नव्हते, हा एकटाच. म्हटलं, हे बघ. नको नको म्हणत होता. मग हात पुसले, पुढे ओढला. त्याचं बोट त्या बारीक पट्टीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"हे खरं हाय?"

"पुन्हा पुन्हा चालवून बघितलंय. तेच येतं."

"म्हंजे माझं बरोबर होतं."

मी हो म्हटलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, नळाला गुंडाळायची पट्टी पाहिजे होती. त्याने दिली, सुट्टे दिले, माणूस गेला. मग स्टुलावर बसला आणि रडला. मोठ्याने नाही. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, अब्बा गेले तेव्हाही नाही. "मी अनमला सांगितलं मला जमत नाय," एवढंच म्हणत होता. "पोरीला सांगितलं मी." माझं काळीज तुटलं, तल्हा. तुझं तुटेल की नाही, मला आता खरंच सांगता येत नाही.

मग डोळे पुसून त्याने विचारलं, "तल्हाला ठाऊक होतं काय गं?"

रोजा होता माझा. तरी मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते विचारू नकोस. त्याचा चेहरा तू पाहिला नाहीस. एका दुपारी माणसाला किती द्यायचं? त्याचं काम त्याला परत मिळालं होतं, तेवढ्यात त्याचा भाऊ कसा काढून घेऊ? भाऊच म्हणतो तो तुला. मी नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "मग बिचाऱ्याला आता केवढा धक्का बसेल. त्याच्या कोडवर येणार हे सगळं. मी फोन करतो त्याला. म्हणतो, घाबरू नकोस, व्हतंय असं."

तो फोन येईल तुला, हे पाकीट पोचेल त्याच्या आगेमागे. तुझी समजूत काढायला. उचल. नीट ऐकून घे, सगळं, मीटिंग आहे म्हणून ठेवू नकोस.

माझं खोटं मी फोडणार नाही. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. तुला फोडायचं असेल तर इथे ये, त्याच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग. माझ्यामार्फत नाही, अम्मीमार्फत नाही, मेसेजवर तर नाहीच. सांगण्याची हिंमत नसेल तरी ईदला ये, कारण अम्मी रोज विचारते, "तल्हा कवा येनार गं?" आणि मला तिच्याशीही खोटं बोलायचं नाही. अरबाज दारातच तुला मिठी मारेल. मारू दे. तुला त्या मिठीत गुदमरायला होईल अशी माझी दुआ आहे, आणि रमजानात मागितलेली आहे.

शिरखुर्मा मी वाढीन. पहिली वाटी तुला, रीतीप्रमाणे. फक्त या घरात मला आपा म्हणून हाक मारू नकोस. मी ओ देणार नाही, आणि मग अरबाज विचारेल का.

खुदा हाफिज.

अरबाजची बायको,
तस्लीम