पन्नास दगड, बेचाळीस किलोमीटर

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट वर्षे, धंदा काही नाही, पूर्वीची गणिताची शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या घरी, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे. खात्रीसाठी आज सकाळी सतराचा पाढा शेवटापासून उलटा म्हणून पाहिला, कुठे अडले नाही. डॉक्टरांचा दाखलाही जोडला आहे, कारण वकीलबाईंचा पाढ्यावर विश्वास नाही.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्हींत माझ्या धाकट्या भावाचे नाव मुद्दाम वगळले होते. ती दोन्ही रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि गच्चीचा अर्धा भाग, धाकट्या भावाच्या मुलीला, माझ्या भाचीला द्यावा. भावाने हे घर सोडले तेव्हा ती चार वर्षांची होती. आता नोकरीला लागली आहे. अधूनमधून फोन करते, "आत्या, गुडघा कसा आहे?" म्हणून विचारते. तिचा बाप तिला फोन करू देतो, हे मी कधी बोलून दाखवले नाही, पण मनात धरून आहे. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, सगळ्या जगाच्या उलट. तिला हे आधीच सांगावे.

कलम २. बँकेतील ठेवीचे दोन सारखे भाग करावेत. एक भाग मी शिकवत होते त्या शाळेला, फक्त फळे आणि खडू यांसाठी. दुसरा भाग खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. त्यांनीच या मृत्युपत्राची व्यवस्था पाहावी. शिवणयंत्र आणि गच्चीवरच्या कुंड्याही त्यांच्याच. गेल्या हिवाळ्यात छातीत कळ आली तेव्हा त्या ओल्या केसांनी, एका पायात चप्पल घालून जिना चढून आल्या होत्या. मी त्यांना तेव्हा "दार वाजवून यायचं" असे म्हणाले होते. त्याबद्दल क्षमा मागते.

कलम ३. आमच्या जुन्या मुख्याध्यापकांना काहीही देऊ नये. सलग अकरा वर्षे त्यांनी मला आठवड्याचा शेवटचा तास दिला, वर "तुमच्याशिवाय तो वर्ग कोणाला आवरत नाही" असे गोड बोलून. माझी तीन पुस्तके त्यांच्याकडे आहेत. ती त्यांच्याकडेच राहू द्यावीत, कारण परत आणायला जो जाईल त्याचे डोके ते दोन तास खातील.

कलम ४. वडिलांची हत्यारांची पेटी आमची गाडी सांभाळणाऱ्या गॅरेजवाल्याला द्यावी. पान्यांचे दोन संच, जॅक, हवेचा पंप आणि डिझेलच्या पिंपात बुडवून पातळी पाहायची पितळी पट्टी. पट्टीवरच्या खुणा मी स्वतः कोरल्या आहेत. त्यांत चूक नाही. चूक दुसरीकडे होती, ती पुढच्या कलमात येते.

कलम ५. गाडी. हे कलम लांब आहे. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. मी लिहिणार आहे.

ही गाडी वडिलांनी जुनीच घेतली. चारही चाकांना जोर देणारी, पत्र्याच्या अंगाची, आत बोललेले शेजारच्याला ऐकू न येणारी. वरच्या दगडखाणीच्या वसाहतीत धान्य, टपाल आणि औषधे पोहोचवायचे काम त्यांच्याकडे होते. ते गेल्यावर धाकट्याने गाडी हातात घेतली आणि मी वही. फेरी झाली की तो मीटरचा आकडा सांगायचा, मी पिंपात पट्टी बुडवून किती लिटर गेले ते पाहायचे. वडिलांच्या वेळेपासून गाडी लिटरमागे नऊ किलोमीटर देत होती. शाळेतली मुले मला मागून कंपासबाई म्हणत. मला ते आवडायचे.

एका वर्षी वरचा रस्ता पार उखडला. गाडीचे पोट दगडांना लागू लागले, म्हणून धाकट्याने कुठूनसे मोठे, रुंद टायर आणून बसवले. गाडी बोटभर नव्हे, चांगली चार बोटे उंच दिसू लागली. तो लहान मुलासारखा खूश होता. मला त्यात चढायला स्टूल लागायचे. त्या महिन्यापासून वहीत नवाच्या जागी सात येऊ लागले.

मी चार आठवडे गप्प राहून पाहिले. सात, सात, पावणेसात, सात. लिटरमागे दोन किलोमीटर कमी, म्हणजे कोणीतरी डिझेल काढून विकत आहे, असे मी धरले. गाडीची किल्ली एकट्या त्याच्याकडे होती. पाचव्या आठवड्यात, तो जेवत असताना, आईच्या आणि त्याच्या बायकोच्या देखत मी वही त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारले, "डिझेल कुठे जातं?"

तो घास हातात धरून बसला. आई म्हणाली, "ती मोजते रे. ती कशाला चुकेल?" त्याने स्वतःच्या बचावासाठी काहीच सांगितले नाही. त्या आठवड्यात बायको आणि मुलीला घेऊन तो दुसऱ्या गावी गेला आणि शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. सहा वर्षांनी आई गेली तेव्हा आला, सगळे केले आणि घरचे पाणीही न घेता निघून गेला. आई मुलाला चोर समजून गेली. हे मी केले. याला एकूण एकोणीस वर्षे झाली.

गाडी मी विकली नाही. लोकांना वाटले, कंपासबाई कंजूष आहे, भाव यायची वाट पाहते. खरे कारण असे की गाडी दारात असेपर्यंत त्याला परत यायला काहीतरी निमित्त राहील असे मला वाटे. मी त्याला चोर म्हणत होते आणि त्याची वाटही पाहत होते. मला हे दोन्ही एकाच वेळी जमत होते. गॅरेजवाला महिन्यातून एकदा येऊन ती चालू करी, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत लावी.

गेल्या वर्षी मृत्युपत्राच्या निमित्ताने गाडीची अवस्था पाहायची म्हणून मी गॅरेजवाल्याबरोबर मोठ्या रस्त्याने निघाले. पुढच्या गावाला किती वेळ लागेल ते मी मीटर बघून सांगू लागले, तर तो हसला.

"बाई, मीटर नका बघू, रस्त्याकडेचे दगड बघा. या टायरांवर मीटर मागे राहतो."

"मागे कसा राहील? मीटर म्हणजे मीटर."

"चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे कमी लागतात. मीटर फेरे मोजतो, रस्ता नाही मोजत. आमच्यात हे सगळ्यांना माहीत असतं."

एकतीस वर्षे मी मुलांना वर्तुळाचा परीघ शिकवला. व्यास वाढला की परीघ वाढतो, परीघ वाढला की फेरे कमी. चाकाचेच उदाहरण पुस्तकात होते.

दुसऱ्या दिवशी मी शिवणाच्या टेपने मोजले. मागे लटकवलेली स्टेपनी अजून जुन्या मापाचीच आहे. तिचा परीघ दोनशे तेवीस सेंटिमीटर. मोठ्या टायरचा दोनशे चौसष्ट. मग टाकी काठोकाठ भरून आम्ही किलोमीटरचे पन्नास दगड मोजत गेलो. प्रत्येक दगडाला मी वहीत रेघ मारली. पन्नासाव्या दगडाशी मीटरने बेचाळीस दाखवले. टाकी पुन्हा काठापर्यंत भरली, सहा लिटर बसले. बेचाळीस भागिले सहा, सात. ज्या साताने मी त्याला घराबाहेर काढले तो सात तिथे समोर होता, आणि गाडीत मी आणि गॅरेजवाला सोडून कोणी नव्हते.

पन्नास भागिले सहा, आठ पूर्णांक एक तृतीयांश. नवातून वजा केले तर दोन तृतीयांश उरतात. ते जड टायर आणि जुने इंजिन यांत जातात. एवढे मोठे चाक फिरवताना चढावर खालचा गिअर लागतो, गाडी वाराही जास्त अडवते. गॅरेजवाला म्हणतो, असे टायर घातलेल्या सगळ्या जुन्या गाड्यांचे तेवढे जातेच. चोरीसाठी शिल्लक राहते शून्य.

कलम ६. म्हणून ही गाडी, मोठ्या टायरांसकट, कागदपत्रे आणि वहीसह माझ्या धाकट्या भावाला द्यावी. वहीच्या शेवटच्या पानावर मी पुरे गणित मांडून खाली "चूक माझी" असे लिहिले आहे. ते त्याने मी गेल्यावर वाचावे.

कलम ७. हे कलम चार दिवसांनी लिहीत आहे. वकीलबाईंनी वरचे वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही गेल्यावर हे वाचून त्याने कोणाशी बोलायचं?" मी म्हणाले, मला त्याच्यासमोर बसायची भीती वाटते. त्या म्हणाल्या, ते कायद्यात कुठे बसत नाही. मी भाचीला फोन केला. आज सकाळी तो आला. केस पांढरे झाले आहेत, पोट सुटले आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने कलम पाच बोट फिरवत वाचले. एका ओळीवर थांबला.

"ताई, हे चुकलंय. मी काहीच सांगितलं नाही, असं लिहिलंयस."

"नव्हतंस सांगितलं."

"टायर बसवले त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, आता मीटर कमी दाखवेल, तू वहीत थोडं वाढवून लिही. तू वह्या तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, गणित मला शिकवू नकोस."

मी आठवून पाहिले. मला आठवत नाही. पण हे वाक्य माझेच आहे, ते मी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवले आहे. मी म्हणाले, "मग त्या रात्री जेवताना का नाही बोललास?"

"आई बोलली ना. मग कोणाला सांगायचं?"

सबब कलम ५ मध्ये पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी: त्याने सांगितले होते. मी ऐकले नाही. मला माहीत नव्हते म्हणून ही चूक झाली असे वर जे भासते, ते खरे नाही.

मी त्याचे दोन्ही हात धरून माफी मागितली. सहीसाठी आलेल्या वकीलबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. तो "असू दे ताई" म्हणाला नाही. पण हातही सोडवून घेतले नाहीत.

कलम ८. दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर यायचे होते. भाऊ म्हणाला, "साक्षीदार मी राहतो." वकीलबाईंनी समजावले की मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते. सही केली तर त्याला गाडी मिळणार नाही. "विचार करा, एवढी जपून ठेवली आहे त्यांनी तुमच्यासाठी."

तो म्हणाला, "गाडी नको. ताईने हे स्वतःच्या हाताने लिहिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, एवढं कागदावर राहू दे. सही कुठे करू?"

म्हणून कलम ६ रद्द. गाडी गॅरेजवाल्याला द्यावी. मीटरशेजारी जाड अक्षरात चिठ्ठी डकवलेली असावी: "या आकड्याला एक पूर्णांक अठरा शतांशने गुणावे." वही मात्र भाचीला द्यावी. तिला कधी कोणी तिच्या बापाबद्दल काही बोलले, तर शेवटचे पान दाखवायला.

वकीलबाई हे सगळे नव्याने नीट टाइप करून देणार होत्या. मी नको म्हणाले. खोडलेले खोडलेलेच दिसू द्यावे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: सोमवार, ९ मार्च २०२६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार पहिली, वकीलबाई: यांनी आमच्यासमोर, समजून उमजून सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ, त्याच्या स्वतःच्या अक्षरात: सगळं वाचलं. ताई पूर्ण शुद्धीवर होती. आता बरोबर आहे. (सही)